शिपायाचे वेतन बदलण्याचा अधिकार कोणाचा?

मोल ठरविणे ही हिशोबाची बाब आहे असे आपण सहसा समजतो. सकाळी बोली झाली, संध्याकाळी पैसे मोजून दिले, व्यवहार संपला. परंतु ठरलेले मोल बदलण्याची वेळ आली म्हणजे तोच साधा व्यवहार नीतीचा प्रश्न होऊन बसतो. ते कोणी बदलावे? केव्हा बदलावे? ज्याचे मोल बदलायचे त्याचे म्हणणे ऐकावे की नाही? आणि 'मला परवडत नाही, मी चाललो' असे म्हणण्याची ज्याला मोकळीक नाही, त्याचे मोल बदलणाऱ्यावर अधिक मोठी जबाबदारी येते की नाही?

अशी मोकळीक नसलेला माणूस म्हणजे सैन्यातला शिपाई. म्हणून या प्रश्नाचा विचार आम्ही त्याच्या वेतनाच्या निमित्ताने करणार आहोत.

आमचे लामता हे बालाघाटहून नैनपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे लहानसे गाव. धान आणि जंगल यांवर येथील बहुतेकांचे पोट. इकडच्या तरुणांना सैन्याची भरती ही मोठी आशा वाटते, यात नवल नाही. तरुण संघाच्या बैठकीत एकदा पुढील प्रश्न निघाला. एकाच चौकीवर दोन मुले पहारा करतात. थंडी तीच, बंदूक तीच, धोकाही तोच. एकाच्या पगारपत्रकात 'लष्करी सेवा वेतन' म्हणून एक वेगळी रक्कम असते, दुसऱ्याच्या पत्रकात ती नसते. हा भेद कोणी केला, आणि कोणत्या अधिकाराने? प्रश्न विचारणारा मुलगा रागाने बोलत नव्हता. त्याला खरोखरच समजून घ्यायचे होते. आपल्या शब्बाथ शाळांच्या शिक्षकांनाही असे प्रश्न येत असतील, म्हणून हा विषय जरा विस्ताराने मांडतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. 'मिलिटरी सर्व्हिस पे', अर्थात लष्करी सेवा वेतन, ही रक्कम न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील सहाव्या वेतन आयोगाने २००८ साली सुचविली आणि सरकारने ती मान्य केली. तिच्यामागचा विचार योग्य होता. शिपायाचे जिणे नागरी नोकरासारखे नसते. घरापासून दूर राहणे, वारंवार बदल्या, कडक शिस्त, तरुणपणीच निवृत्ती आणि प्राणाचा धोका या गोष्टींचे मोल नेहमीच्या श्रेणीत बसत नाही, म्हणून ते वेगळे द्यावे, असा तो विचार. त्या वेळी अधिकाऱ्यांना दरमहा ६,००० रुपये आणि जवानांना २,००० रुपये ठरले. सातव्या वेतन आयोगानंतर ब्रिगेडियरपर्यंतच्या अधिकाऱ्यांना १५,५०० रुपये, लष्करी परिचारिका अधिकाऱ्यांना १०,८०० रुपये, आणि सुभेदार, हवालदार, शिपाई या सर्वांना ५,२०० रुपये असे दर झाले. नव्या शिपायाचे मूळ वेतन २१,७०० रुपये असताना त्यात ५,२०० रुपयांची भर ही लहान गोष्ट नव्हे.

पुढे १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. अग्निवीराची नेमणूक चार वर्षांची. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये असे एकत्रित वेतन. त्यातील तीस टक्के रक्कम निधीत जाते व सरकार तेवढीच रक्कम आपल्याकडून घालते, म्हणून पहिल्या वर्षी हातात २१,००० रुपये पडतात. चार वर्षांनंतर सुमारे दहा लाख रुपये व व्याज मिळते. ४८ लाखांचा विमा असतो आणि धोक्याच्या जागेचा भत्ताही असतो. परंतु महागाई भत्ता नाही, निवृत्तिवेतन नाही, आणि लष्करी सेवा वेतनही नाही. योजनेच्या नियमाप्रमाणे चार वर्षांनंतर शंभरातील पंचवीसपर्यंत मुलांना कायम ठेवावयाचे असे ठरले. आमच्या तरुणांनी विचारलेला भेद तो हाच.

आता अधिकाराकडे वळू. पुष्कळांना वाटते की शिपायाचा पगार संसदेने कायदा करून ठरविलेला असतो. तसे नाही. संविधानाने सैन्याचा विषय केंद्राकडे सोपविला आहे. संसदेने १९५० साली सैन्य अधिनियम केला, पण त्यात कोणाला किती रुपये हे लिहिलेले नाही. नियम व विनियम करण्याचा अधिकार त्या अधिनियमाने केंद्र सरकारला दिला आहे. वेतन आयोग शिफारस करतो, मंत्रिमंडळ निर्णय घेते, संरक्षण मंत्रालय वेतनाचे नियम व आदेश काढते. मात्र संविधानाच्या २६६ व्या कलमाप्रमाणे संचित निधीतून एक रुपयाही कायद्यावाचून काढता येत नाही, म्हणून दरवर्षी संरक्षणाच्या खर्चाची मागणी लोकसभेपुढे मंजुरीसाठी येते. म्हणजे दर ठरविण्याची लेखणी सरकारच्या हाती आहे, पण तिजोरीची किल्ली लोकप्रतिनिधींच्या हाती आहे.

परंतु त्याच अधिनियमाचे २५ वे कलम आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याचा आशय असा की, त्या वेळच्या नियमांप्रमाणे सैनिकाला देय असलेले वेतन त्याला पूर्ण मिळाले पाहिजे, आणि कायद्याने परवानगी दिलेल्या कपातीखेरीज कोणतीही कपात त्यातून होता कामा नये. त्या अधिनियमातील इतर काही कलमेही अशीच राखणदारीची आहेत. सावकाराच्या हुकूमनाम्यासाठी दिवाणी न्यायालयाला शिपायाच्या पगारावर जप्ती आणता येत नाही. तो शत्रूच्या कैदेत सापडला तर त्याच्या वेतनातून त्याच्या कुटुंबाची सोय करता येते. अन्याय झाला असे वाटल्यास वरिष्ठांकडे दाद मागण्याची वाटही सांगितली आहे. २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले. वेतन, भत्ते व निवृत्तिवेतन यांचे तंटे ते ऐकते, आणि त्याचे एक खंडपीठ आमच्या जवळच जबलपूरला आहे.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. पुढच्या काळाचा दर बदलणे ही एक गोष्ट, आणि सेवा घडल्यावर देणे लागलेल्या पैशाला हात घालणे ही दुसरी. पहिल्यासाठी सरकारला अधिकार आहे. दुसऱ्यासाठी कायद्याचा स्पष्ट आधार लागतो. आमच्या मते हा भेद केवळ कायद्याचा नाही, तो नीतीचाही आहे.

पण केवळ अधिकार असणे पुरेसे आहे काय? आणि अधिकार नसताना चांगला हेतू असला तर चालेल काय? या दोन्ही प्रश्नांना आपल्या देशाच्या इतिहासात उत्तरे आहेत.

१८४३ साली कंपनी सरकारने सिंध प्रांत जिंकून आपल्या राज्यास जोडला. तोपर्यंत सिंधू नदीपलीकडे जाणाऱ्या पलटणींना परमुलखातील सेवेचा जादा भत्ता मिळत असे. प्रांत खालसा होताच कलकत्त्याच्या सरकारने ठरविले की सिंध आता परमुलूख राहिला नाही, सबब जादा भत्ता बंद. कागदावर हे तर्कशुद्ध होते. पण शिपायासाठी ती उन्हाची वाट, तो रोग आणि घरापासूनचे ते अंतर एका कोसानेही कमी झाले नव्हते. बंगालच्या ३४ व्या पलटणीने पुढे जाण्याचे नाकारले आणि १८४४ साली ती पलटणच मोडण्यात आली. येथे सरकारला अधिकार होता, पण न्याय नव्हता.

त्याच सुमारास मद्रासच्या गव्हर्नराने सिंधकडे जाणाऱ्या आपल्या एका पलटणीला नियमापेक्षा अधिक भत्त्याचे वचन दिले. पलटण मुंबईस पोहोचली तेव्हा शिपायांना कळले की वरिष्ठ सरकारला ते वचन मान्य नाही. कवायतीच्या मैदानावर गडबड उडाली. येथे हेतू चांगला होता, पण अधिकार नव्हता, आणि फसगत मात्र शिपायाची झाली.

तिसरे उदाहरण सरसेनापती सर चार्ल्स नेपियर यांचे. १८५० च्या आरंभी पंजाबात वजीराबाद येथे शिपायांत असंतोष आहे असे त्यांना दिसले. धान्याच्या महागाईबद्दल मिळणाऱ्या भरपाईचा एक नियम शिपायांच्या तोट्याचा होता. तो त्यांनी आपल्याच हुकमाने तहकूब केला. गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यांनी त्यांची कानउघाडणी केली. भत्त्याचे नियम बदलणे हा सेनापतीचा अधिकार नव्हे, असे त्यांनी बजावले, आणि नेपियर यांनी त्याच वर्षी राजीनामा दिला. कोण बरोबर होते? आमचे मत असे की, डलहौसींचा सिद्धांत बरोबर होता. जो सेनापती स्वतःच्या हुकमाने पगार वाढवू शकतो तो उद्या स्वतःच्या हुकमाने कमीही करू शकेल, आणि सैन्य राज्याचे न राहता त्याचे होईल. पण नेपियरांनी जे दुःख पाहिले ते खोटे नव्हते. सिद्धांत राखणाऱ्याने त्या दुःखाची दखल घेतली असती तर सिद्धांतही राहिला असता आणि शिपायाचे समाधानही झाले असते.

दाद मागण्याची वाट बंद पडली म्हणजे काय होते, हेही आपण पाहिले आहे. १९३१ च्या सप्टेंबरात ब्रिटिश सरकारने आरमाराच्या पगारात कपात जाहीर केली. काही खलाशांच्या वाट्याला ती चौथ्या हिश्शाएवढी येत होती, आणि त्यांना ती बातमी वर्तमानपत्रांतून व नभोवाणीवरून कळली. इन्व्हरगॉर्डन बंदरात खलाशांनी जहाजे हलविण्याचे नाकारले. मग सरकारने कपात दहा टक्क्यांवर आणली. पंधरा वर्षांनी, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी, मुंबईत 'तलवार' या नाविक तळावर हिंदी खलाशांनी बंड पुकारले. त्यांच्या तक्रारींत निकृष्ट अन्न होते, अपमानाची वागणूक होती आणि गोऱ्या व हिंदी खलाशांच्या वेतनातील भेदही होता. त्याच महिन्याच्या अखेरीस जबलपूरच्या सिग्नल्स प्रशिक्षण केंद्रातील जवानही बराकींतून बाहेर पडले. बंडाची वाट योग्य असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, ज्याचे तोंड बांधलेले आहे त्याच्यासाठी कान उघडे ठेवणे हे बांधणाऱ्याचे काम आहे.

स्वतंत्र भारताने हे तोंड विचारपूर्वक बांधले आहे. संविधानाच्या ३३ व्या कलमाने सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला. कामगार संघटना, संप, वर्तमानपत्रात तक्रार या गोष्टी शिपायाला नाहीत, आणि त्या नसाव्यात हेच देशाच्या हिताचे आहे. परंतु गिरणीतला कामगार जे संघटनेच्या बळावर मिळवितो ते शिपायाला केवळ सरकारच्या सदसद्विवेकावर मिळावयाचे असते. म्हणून त्या विवेकाची कसोटीही अधिक कडक असली पाहिजे.

या कसोटीला सरकार नेहमीच उतरते असे नाही. चौथ्या वेतन आयोगाने १ जानेवारी १९८६ पासून कॅप्टन ते ब्रिगेडियर या हुद्द्यांना २०० ते १,२०० रुपये 'रँक पे' मूळ वेतनाखेरीज द्यावयास सांगितले होते. नवे वेतन बसविताना काढलेल्या आदेशात तेवढीच रक्कम वजा करण्यात आली. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने काढून घेतले. मेजर धनपालन या अधिकाऱ्याने केरळ उच्च न्यायालयात दाद मागितली. १९९८ साली त्यांच्या बाजूने निकाल लागला. इतर अधिकाऱ्यांसाठी मात्र प्रकरण लांबत राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाने अखेरचा शब्द ४ सप्टेंबर २०१२ रोजी दिला. तोवर सव्वीस वर्षे लोटली होती. तोपर्यंत कित्येकांची सेवा संपली असेल, कित्येकांचे आयुष्यही. अधिकाऱ्याला वकील तरी करता येतो. साध्या शिपायाचे काय, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

येथे पवित्र शास्त्रातील दोन प्रसंग या विषयाला थेट भिडतात. याकोबाने लाबानाविरुद्ध काढलेले गाऱ्हाणे उत्पत्तीच्या ३१ व्या अध्यायात आहे. त्याने वीस वर्षे चाकरी केली आणि मामाने त्याचे वेतन दहा वेळा बदलले. लाबान घरचा धनी होता. बदलण्याची सत्ता त्याच्याकडे होती, आणि याकोबानेही त्या अटी वेळोवेळी मान्य केल्या होत्या. तरीही शास्त्र लाबानाला निर्दोष ठरवीत नाही. 'त्याने कबूल केले होते' एवढ्याने धन्याची सुटका होत नाही, हे येथे दिसते.

दुसरा प्रसंग लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला शिपायांनी विचारले की आम्ही काय करावे. त्याने त्यांना जुलमाने पैसे उकळू नका आणि आपल्या वेतनात समाधानी असा, असे सांगितले. हे वचन कोणी कोणाला ऐकवावे याचा विचार केला पाहिजे. योहान हे शिपायाला सांगत होता, खजिनदाराला नव्हे. शिपायाने लूट करू नये म्हणून ते बोलणे होते. वेतन कापणाऱ्याने ते तोंडी घेतले तर त्याचा अर्थच उलटा होतो. ज्याच्याकडून समाधानाची अपेक्षा करावयाची, त्याला समाधान राखता येईल एवढे देणे हे आधी आले.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. काही बंधू म्हणतील, अग्निवीराला कोणी जबरदस्तीने नेले नाही. अटी आधी जाहीर होत्या, त्याने वाचून सही केली. हे खरे आहे, आणि ही लहान गोष्ट नव्हे. लाबानाने मध्येच अटी बदलल्या, येथे अटी आरंभीच सांगितल्या. देशाचा पैसा अपुरा आहे, निवृत्तिवेतनाचा भार मोठा आहे, सैन्य तरुण ठेवले पाहिजे, हीही कारणे पोकळ नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०२३ रोजी योजना वैध ठरविली आणि १० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची अपिले फेटाळली. म्हणून अधिकाराच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे. सरकारला हा अधिकार आहे.

परंतु न्यायालयाचे काम मर्यादा ओलांडली की नाही हे पाहण्याचे. मर्यादेच्या आत राहून केलेली प्रत्येक गोष्ट उत्तम असते असे न्यायालय म्हणत नाही. लष्करी सेवा वेतन कशासाठी, तर सेवेच्या खडतरपणासाठी. तो खडतरपणा चार वर्षांच्या शिपायाला कमी भोगावा लागतो काय? एकत्रित वेतनात तो धरला आहे असे म्हणता येईल. मग तसे उघड सांगावे आणि किती धरला तेही सांगावे. तसेच बालाघाटच्या जंगलांत वर्षानुवर्षे नक्षलवाद्यांशी लढलेल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानांनाही हे वेतन नाही, कारण ते केवळ तिन्ही सेनादलांसाठी ठेवले आहे. त्यालाही कारणे असतील, आणि तीही उघड सांगितली जावीत. ज्याला कमी मिळते त्याला निदान कारण मिळावे. कारण सांगणे हा मान देण्याचाच एक प्रकार आहे.

एवढ्या विचारानंतर वेतन बदलणाऱ्याच्या अधिकाराला आम्ही तीन कसोट्या लावू इच्छितो. पहिली, बदल अधिकार असलेल्यानेच करावा, आणि तो लेखी व उघड असावा. दुसरी, बदल पुढच्या श्रमासाठी असावा, झालेल्या श्रमाच्या पैशाला हात लागू नये. तिसरी, ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने कोणी तरी बोलले आहे आणि ते ऐकले गेले आहे, याची खात्री असावी. कंपनी सरकारचा सिंधचा हुकूम तिसऱ्या कसोटीवर पडतो, नेपियरांचा पहिल्या कसोटीवर, आणि १९८६ ची वजावट दुसऱ्या कसोटीवर.

तिसरी कसोटी आपल्यापर्यंत येऊन पोहोचते. शिपायाला संघटना नाही, पण त्याला गाव आहे, मंडळी आहे, मतदार शेजारी आहेत. २०२५ साली न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग नेमला गेला आणि सेनादलांचे वेतनही त्याच्या विचारात आहे. मुलगा सीमेवर गप्प उभा असताना त्याच्यासाठी आपल्या खासदाराला दोन ओळींचे पत्र लिहिणे यात बेशिस्त काही नाही. नागरिकाला तो हक्क आहे, आणि शिपायाला तो नाही म्हणूनच आपल्यासाठी ते कर्तव्य आहे.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. या कसोट्या सरकारला लावण्यापूर्वी आपण स्वतःला लावून पाहाव्या. आमच्या भागात तेंदूपत्त्याचा दर सरकार ठरविते, आणि हंगाम संपल्यावर तो उतरविला गेला तर तोडणारे किती संतापतील हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही धान कापणाऱ्या बाईला सकाळी सांगितलेली मजुरी संध्याकाळी 'काम कमी झाले' म्हणून कमी करणारे घरधनी आपल्यांत नाहीत काय? उपासनामंदिर झाडणाऱ्याचे पैसे वर्गणी जमली नाही म्हणून दोन दोन महिने लांबविणाऱ्या मंडळ्या नाहीत काय? त्यांनाही संघटना नाही. त्यांचेही तोंड गरजेने बांधलेले आहे. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी याकोब व लाबान यांचा धडा घेताना मुलांना एवढेच विचारावे की, तुमच्या घरी कोणाचे मोल कोण ठरविते, आणि ते बदलावयाचे झाल्यास त्याला आधी सांगतात की नाही. मुले खरे उत्तर देतात. ते उत्तर त्यांनी घरी जाऊन वडीलधाऱ्यांनाही सांगावे.